हेस्टरबेर्ग, ट्रूडे

हेस्टरबेर्ग, ट्रूडे : (२ मे १८९२ – ३१ ऑगस्ट १९६७). जर्मन कॅबरे गायिका, अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि निर्माती. बर्लिनमधील ‘विल्डे ब्यूने’ या साहित्यिक कॅबरेच्या संस्थापिका व संचालिका म्हणून विशेष प्रसिद्ध. जन्म बर्लिन येथे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑपेरेटा व इतर संगीतप्रधान नाटकांतून त्यांचे नाव झाले.

नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीनंतर जर्मनीत नाट्यप्रयोगांचे सरकारी पूर्वपरीक्षण उठले आणि राजकारण, लष्कर, नीतिकल्पना यांवर रंगमंचावरून उघड टीका करता येऊ लागली. या मोकळिकीत बर्लिनमध्ये साहित्यिक कॅबरे बहरला. दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांचे ‘शाल उंड राउख’ १९१९ मध्ये नव्याने, तर गायिका-अभिनेत्री रोझा वालेट्टी यांचे ‘ग्र्योसेनवान’ १९२० मध्ये सुरू झाले. पाठोपाठ सप्टेंबर १९२१ मध्ये हेस्टरबेर्ग यांनी शार्लोटेनबुर्ग भागातील ‘थेआटर डेस वेस्टेन्स’च्या तळघरात विल्डे ब्यूनेचा पडदा उघडला.

गायिका स्वतःच निर्माती असल्याने कोणत्या कवीचे गीत घ्यायचे, ते कोणी म्हणायचे आणि कार्यक्रमात ते कुठे बसवायचे, हे त्यांच्या हाती होते. वाल्टर मेहरिंग, कुर्ट टुखोल्स्की यांसारख्या उपरोधकारांचे लेखन आणि वेर्नर रिशार्ड हायमान, फ्रीडरिश होलेंडर यांचे संगीत त्यांनी रंगमंचावर आणले. कुर्ट गेरोन, विल्हेल्म बेंडो, आनेमारी हाझे हे कलावंत येथे गाजले. साहित्यिक कॅबरेतील ‘शान्सों’ हे काही मिनिटांचे एकपात्री नाट्यच असे. गायिका त्या गीतातील व्यक्ती होऊन उभी राहते, त्यामुळे सुरेलपणाइतकाच शब्दाचा ठसका आणि मुद्राभिनय यांना भाव असतो. रस्त्यावरचे, गुन्हेगारी जगातले आणि युद्धाने मोडलेले बर्लिन या गीतांतून प्रेक्षकांसमोर आले.

जानेवारी १९२२ मध्ये हेस्टरबेर्ग यांनी तेव्हा बर्लिनला अपरिचित असलेल्या कवी-नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्टला येथे संधी दिली. त्याने गिटारवर आपले मृत सैनिकावरील युद्धविरोधी गीत म्हणताच सभागृहात गोंधळ उसळला आणि पडदा पाडावा लागला. नाचक्की कवीची नव्हे, प्रेक्षकांची झाली, असे मेहरिंगने पुढे येऊन सुनावले.

निर्मातीची खरी कसोटी पाहिली ती चलनफुगवट्याने. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत, त्यामुळे तिकीटविक्रीची रक्कम हातात असतानाच कवडीमोल होई. त्यानंतर विल्डे ब्यूने टिकले नाही. त्याच तळघरात १९२४ मध्ये बेंडो यांनी ‘ट्यूट्यू’ हे कॅबरे काढले.

पुढे हेस्टरबेर्ग भव्य रेव्ह्यू, नाटके आणि चित्रपटांकडे वळल्या. ‘डेअर ब्लाउए एंगेल’ (१९३०) या चित्रपटातील गायिकेच्या भूमिकेसाठी मूळ कादंबरीचे लेखक हाइनरिश मान यांना त्याच हव्या होत्या, परंतु दिग्दर्शक योझेफ फॉन स्टेर्नबेर्ग यांनी मार्लेने डीट्रिश यांची निवड केली. गेरोन आणि वालेट्टी मात्र या चित्रपटात दिसतात. डिसेंबर १९३१ मध्ये ब्रेख्ट व कुर्ट वाइल यांच्या ‘महागोनी’ या ऑपेराच्या बर्लिनमधील प्रयोगात लोटे लेन्या यांच्यासमवेत हेस्टरबेर्ग यांनी बेगबिक ही भूमिका केली.

नाझी सत्तेवर आल्यानंतर त्या जर्मनीतच राहिल्या. १९३३ मध्ये त्यांनी ‘मूझनशाउकेल’ हे नवे कॅबरे काढले, पण ते लवकरच बंद पडले. विल्डे ब्यूनेचा परिवारही पांगला. मेहरिंग, होलेंडर व हायमान परागंदा झाले, तर गेरोन यांची १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे हत्या झाली.

युद्धोत्तर काळात हेस्टरबेर्ग यांनी म्यूनिकमध्ये वास्तव्य केले. तेथील १९४९ च्या, ब्रेख्ट व वाइल यांच्याच ‘थ्री पेनी ऑपेरा’मध्ये त्या मिसेस पीचम होत्या. (याच नाटकावर आधारित पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ मराठी रंगभूमीवर १९७८ मध्ये आले.) हेस्टरबेर्ग यांचे आत्मचरित्र १९७१ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

गायिका म्हणून त्यांची कारकीर्द दीर्घ होती, तरी कॅबरेच्या इतिहासातील त्यांचे स्थान विल्डे ब्यूनेच्या दोन-तीन वर्षांवर उभे आहे. कवी, संगीतकार आणि नट यांना एका मंचावर आणण्याची जबाबदारी व जोखीम तेथे त्यांनी स्वतः उचलली होती.