लिनक्स, यूएसबी आणि रिमोटचा दिवा

तर झालं असं, की बाबांना पहाटे एसीची थंडी वाजते. रात्री उकडतं म्हणून २४ वर लावायचा आणि चार वाजता कुडकुडत उठून अंधारात रिमोट शोधायचा. टायमर लावला तर एसी पूर्ण बंद होतो आणि तासाभरात घामाने जाग येते. त्यांना हवंय ते फक्त २४ चं २७. घरात एक जुना लिनक्सचा डबा चोवीस तास चालू असतोच. म्हटलं, त्याला यूएसबीवर इन्फ्रारेड सोडणारं काहीतरी लावू, क्रॉनमध्ये वेळ टाकू, अर्ध्या दिवसाचं काम! गेले दोन वीकेंड. पण त्या नादात या उपकरणांचा जो इतिहास वाचला तो इतका भारी निघाला, की हा प्रपंच.

वायरलेस रिमोट इन्फ्राRेडच्या आधीपासून आहे. १९५६ साली झेनिथ कंपनीचा 'स्पेस कमांड' आला. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतल्या अॅल्युमिनियमच्या कांडीवर हातोडी पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीपर्यंत जायचा. १९८० च्या आसपास इन्फ्रारेडने ही जागा घेतली. रिमोटच्या टोकाचा तो दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे समोरच्या डोळ्याला ऊन, ट्यूबलाईट आणि रिमोट यातला फरक कळावा. या लुकलुकण्याच्या छोट्या मोठ्या तुकड्यांत कोड भरलेला असतो. एनईसीच्या पद्धतीत आधी ९ मिलीसेकंद उजेड, मग साडेचार मिलीसेकंद अंधार, आणि त्यानंतर ३२ बिट. प्रत्येक बिटमध्ये सुमारे ०.५६ मिलीसेकंद उजेड. पुढचा अंधार तेवढाच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. फिलिप्सच्या आरसी-५ ची तऱ्हा वेगळी आणि ठोका ३६ हजारांचा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड यांच्यामुळेच आहे.

लिनक्सवर हे काम 'लर्क'ने सुरू केलं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तेव्हाचं हार्डवेअर म्हणजे निव्वळ जुगाड. एक सेन्सर, एक रेग्युलेटर, दोनचार रेझिस्टर सोल्डर करून सीरियल पोर्टला जोडायचे. पाठवायचं असेल तर डीटीआरच्या पिनवर ट्रान्झिस्टर आणि एलईडी. ते ३८ हजारांचं लुकलुकणंसुद्धा कर्नेलमधला ड्रायव्हर स्वतः पिन खालीवर करून साधायचा. तेवढा वेळ इंटरप्ट बंद! शंभर रुपयांचं सर्किट आणि हमाल म्हणून अख्खा प्रोसेसर.

मग सीरियल पोर्टच जायला लागले. आता तुम्ही म्हणाल, यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर लावायचा, त्यात काय! मलाही तेच वाटलं होतं. पण यूएसबीत कॉम्प्युटर ठरलेल्या वेळापत्रकाने बोलतो, आणि साध्या यूएसबीचं ते वेळापत्रक एक मिलीसेकंदाचं. आपल्या बिटमधला उजेड अर्ध्या मिलीसेकंदाचा. आणि ३८ हजारांच्या हिशोबाने दिवा दर १३ मायक्रोसेकंदाला उघडझाप करायला हवा. म्हणजे एसटी तासाला एक आणि आपल्याला दर मिनिटाला निरोप पाठवायचाय, असा प्रकार. कन्व्हर्टरवर मोडेम वगैरे मजेत चालतील, इन्फ्रारेड नाही.

उपाय एकच, वेळेची जबाबदारी डोंगलवर टाकायची. पीसीने फक्त यादी पाठवायची, 'इतका वेळ उजेड, इतका वेळ अंधार', आणि लुकलुकणं आतला मायक्रोकंट्रोलर सांभाळेल. 'यूएसबी-यूआयआरटी' हे त्यातलं जुनं नाव. आत एफटीडीआयची चिप, तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये तयार होताच. नंतर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटरबरोबर यूएसबी रिसीव्हर आले, पाठीमागे चिकटवायच्या एलईडीसाठी दोन भोकं असलेले. गंमत म्हणजे विंडोजसाठी बनलेली ही चीज लिनक्सवाल्यांचीच सगळ्यात लाडकी झाली. ते वेळ ५० मायक्रोसेकंदांच्या पटीत मोजतात, म्हणजे ५६२ चं ५५० होतं, पण एवढी चूक समोरचा पोटात घालतो. २०१० चा 'आयआर टॉय' जास्त बारीक, सुमारे २१ मायक्रोसेकंद. त्याचं डिझाईन खुलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी? मुख्यतः टीव्ही रेकॉर्डिंगसाठी. २००२ मध्ये 'मिथटीव्ही' सुरू झालं. केबलची वायर थेट ट्यूनर कार्डात असेल तर चॅनल कार्डच बदलतं. पण मध्ये सेट-टॉप बॉक्स आला की चॅनल बॉक्सच्या हातात. मग कॉम्प्युटरने रिमोटचं सोंग घ्यायचं. आपल्याकडे २००७ च्या सुरुवातीला मुंबईच्या काही भागांत 'कॅस' लागू झालं तेव्हा हाच बॉक्स घराघरात आला. या सोंगातली खरी मेख म्हणजे इन्फ्रारेड एकतर्फी आहे. ५०१ मधला शून्य हवेत विरला तरी कॉम्प्युटरला पत्ता नाही. तो इमानेइतबारे तासभर भलताच चॅनल रेकॉर्ड करत बसणार. चालू-बंदला एकच बटण असेल तर आणखी मजा. एक सिग्नल चुकला की तिथून पुढे सगळंच उलटं.

२०१० मध्ये कर्नेल २.६.३६ आलं आणि मीडिया सेंटरवाल्या रिसीव्हरचा ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये गेला. माझ्या मते या सगळ्या कहाणीत महत्त्वाचा क्षण हाच. आज ते जुनं खोकं लावलं तरी ओळखलं जातं. आयआर टॉयलाही २०२० मध्ये कर्नेलमध्ये जागा मिळाली. म्हणून घेताना रेंज, रंग, किंमत नंतर बघा. आधी ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे का ते बघा.

हे शहाणपण मला अर्थात नंतर सुचलं. मी आधी एक बिननावाचा स्वस्त डोंगल आणला. टीव्हीला मस्त चालला, एसीने ढुंकून पाहिलं नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर दिवा जांभळा लुकलुकतोय! मग कळलं, एसीचा रिमोट 'एक डिग्री वाढव' असं सांगतच नाही. प्रत्येक वेळी पूर्ण कुंडली पाठवतो: चालू, कूल, २७, पंखा हळू, झडपा अशा. कोड टीव्हीच्या कित्येक पट लांब, आणि माझा डोंगल तो अर्ध्यातच तोडत होता. आयआर टॉय थोडे थोडे बाइट घेतो आणि जागा झाली की पुढचे मागतो, त्यामुळे लांबीचं त्याला काही वाटत नाही. 'आयआर-सीटीएल'ने रिमोटचा २७ चा कोड एका फाईलमध्ये पकडला आणि तसाच्या तसा परत सोडला. पहिल्या फटक्यात काम!

आणि ज्या लांबलचक कोडने छळलं, त्यानेच पुढे वाचवलं. पूर्ण कुंडली जाते म्हणून तोच कोड तीनदा पाठवला तरी एसी २७ वरच राहतो, उलटसुलट काही होत नाही. वर एसीच्या तोंडाशी एक तापमानाचा सेन्सर लावलाय. अर्ध्या तासात हवा गरम झाली नाही तर कोड पुन्हा जातो.

एकच गोष्ट हिशोबात धरली नव्हती. कोड मिळाला की एसी 'टुक्' करतो. पहिल्या सकाळी बाबा म्हणाले, "थंडी नाही वाजली रे, पण बरोब्बर चारला त्या टुक्ने जाग आली." आता दीड वाजता पाठवतो, तेव्हा ते घोरत असतात.