नोव्हेंबर १८१७ : मराठा सत्तेच्या अस्तकाळातील एक महिना

प्रस्तावना

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचे विवेचन सामान्यतः दरबारनिहाय केले जाते. प्रथम पुण्याचे पेशवे, नंतर नागपूरकर भोसले, त्यानंतर शिंदे व होळकर असा क्रम पाठ्यग्रंथांतून रूढ झालेला आहे. ही मांडणी अध्यापनास सोयीची असली, तरी एकाच वेळी घडलेल्या घटना तिच्यामुळे निरनिराळ्या प्रकरणांत विखुरल्या जातात व त्यांचा परस्परसंबंध नजरेआड होतो. नोव्हेंबर १८१७ या एका महिन्यातील घटना तारीखवार एकत्र ठेवल्या असता मराठा सत्तेच्या पराभवाचे निराळे स्वरूप दिसून येते. मराठे सरदारांत एकी नव्हती, हे विधान वारंवार केले जाते. ती एकी प्रत्यक्षात येण्याची साधनेच आधी काढून घेण्यात आली होती, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. कंपनीच्या सल्ल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणी न करण्याचे बंधनही त्याच तहाने आले. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूर येथे खून झाला. त्याचा आळ त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला व पुणे दरबार आणि रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यातील तेढ विकोपाला गेली. १३ जून १८१७ च्या पुणे करारात प्रदेश द्यावा लागलाच. परंतु त्याहून महत्त्वाची दोन कलमे होती. मराठामंडळाच्या प्रमुखत्वावरील हक्क पेशव्याने सोडावा आणि इतर सत्तांचे वकील आपल्या दरबारी ठेवू नयेत, अशी ती कलमे होत. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनीही मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केलेला होता.

मराठामंडळाचा व्यवहार वकिलांमार्फत चालत असे. वकील दूर होताच संयुक्त मसलतीचा राजमार्ग बंद झाला व गुप्त पत्रव्यवहाराची आडवाट तेवढी उरली. याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने एक लाखाहून अधिक फौज उत्तरेकडून व दक्षिणेकडून एकाच योजनेनुसार मध्य हिंदुस्थानात उतरविली.

महिन्याचा घटनाक्रम

दसऱ्यानंतर पुण्यात पेशव्यांची फौज जमू लागली होती. गारपिरावरील इंग्रजी पलटणी त्या वेळी संख्येने अल्प व शहराला लागून होत्या. तथापि हल्ला लांबत गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईहून युरोपियन पलटण येऊन पोहोचली आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी एल्फिन्स्टनने सर्व तुकडी खडकीस हलविली.

५ नोव्हेंबर, म्हणजे आश्विन वद्य एकादशी, शके १७३९ रोजी गणेशखिंडीच्या मैदानावर लढाई झाली. इंग्रजांकडे कर्नल बर याच्या हाताखाली सुमारे २,८०० लोक होते. दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण त्यांना येऊन मिळाली. सेनापती बापू गोखले यांच्याकडील सैन्य त्यांच्या कित्येक पट होते. परंतु मराठी घोडदळाचा मुख्य हल्ला दलदलीमुळे विस्कळीत झाला आणि मोरो दीक्षित धारातीर्थी पडले. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. संगमावरील रेसिडेन्सी त्याच दिवशी जाळण्यात आली. मराठ्यांची हानी सुमारे ५००, तर इंग्रजांचे मृत व जखमी शंभराहून कमी होते.

त्याच ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेर येथे दौलतराव शिंद्यांनी कंपनीशी तह केला. पेंढाऱ्यांविरुद्ध साहाय्य करण्याचे आणि असीरगड व हिंडिया हे किल्ले तात्पुरते इंग्रजांच्या हवाली करण्याचे त्यांनी मान्य केले. राजपूत संस्थानांशी स्वतंत्र तह करण्याची कंपनीला असलेली मनाईही याच तहाने उठली. दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, बडोद्याच्या गायकवाडांशी पुरवणी तह होऊन अहमदाबादेतील त्यांचा वाटा कंपनीकडे गेला. ९ नोव्हेंबरला अमीरखानाने तह करून युद्धातून अंग काढून घेतले. अशा प्रकारे खडकीच्या लढाईपासून अवघ्या पाच दिवसांत उत्तरेकडील साहाय्याची आशा जवळजवळ संपुष्टात आली. होळकर दरबार तेवढा अंतर्गत कलहामुळे अनिश्चित स्थितीत होता.

महिन्याच्या मध्यास हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत पटकीची साथ उद्‌भवली. तिने मोठी प्राणहानी केली व छावणी हलवावी लागली. परंतु शिंद्यांची सही तोवर होऊन गेली होती. इंग्रजांच्या या अडचणीचा लाभ घेण्यास उत्तरेत कोणी मोकळा उरला नव्हता.

पुण्यात १३ नोव्हेंबरला जनरल स्मिथ घोडनदीहून येऊन पोहोचला. १६ तारखेस येरवड्याजवळ लढाई झाली, त्याच रात्री बाजीरावाने पुणे सोडले आणि १७ नोव्हेंबरला शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले.

यानंतर आठवड्याने, २४ नोव्हेंबरला, रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध डावलून अप्पासाहेबांनी नागपुरात पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे जाहीरपणे स्वीकारली. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. कंपनीची फौज दीड हजाराहून कमी होती. अरबांच्या तुकडीने लहान टेकडी जिंकली, तेव्हा इंग्रजांचा पाडाव जवळ आला होता. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने पारडे फिरले. येथे इंग्रजांची हानी खडकीच्या कितीतरी पट झाली.

विश्लेषण

या घटनाक्रमावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लढण्याची इच्छा व शक्ती यांचा सर्वत्र अभाव नव्हता. सीताबर्डीचा निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत अनिश्चित होता. दुसरी, पुणे लढत असताना नागपूर थांबले होते आणि नागपूर लढले तेव्हा पुणे पडले होते. एल्फिन्स्टन व जेंकिन्स यांच्या फौजा अल्प होत्या. पण दोन्ही ठिकाणी त्यांना कुमक मिळण्यास अवधी मिळाला. तिसरी, कंपनीच्या हालचालींमागे एक योजना व एक आज्ञाकेंद्र होते, तर मराठ्यांचे मध्यवर्ती केंद्र जूनच्या करारानेच कागदोपत्री नाहीसे झाले होते.

पराभवाचे खापर फितुरीवर किंवा बाजीरावाच्या भित्रेपणावर फोडण्याची प्रथा जुनी आहे. फितुरी होती आणि बाजीरावाची धरसोडही खरी. ऑक्टोबरमधील विलंबाची जबाबदारी टाळता येत नाही. तथापि बाजीराव धैर्याचा असता, तरी शिंद्यांच्या दाराशी उभी असलेली इंग्रजी फौज हटली नसती. तसेच सर्व दरबार एकाच दिवशी उठले असते तर विजय निश्चित होता, असेही म्हणता येत नाही. कंपनीची साधनसामग्री मोठी होती. मात्र तिला एकेका शत्रूशी स्वतंत्रपणे लढण्याची जी सोय मिळाली, ती मिळाली नसती.

समारोप

नोव्हेंबर १८१७ च्या अखेरीस पेशवा परागंदा झाला होता, शिंदे व गायकवाड तहाने बांधले गेले होते आणि सीताबर्डीवरील भोसल्यांचा हल्ला परतविला गेला होता. डिसेंबरमधील महिदपूरची लढाई व १८१८ मधील घटना हा या महिन्याचाच उत्तरार्ध होय. वर्गात हा विषय शिकविताना घटना दरबारनिहाय न मांडता एकदा तारीखवार फळ्यावर लिहून पाहाव्यात. ५ नोव्हेंबरच्या रकान्यात खडकी आणि ग्वाल्हेर शेजारी शेजारी आले, म्हणजे रणांगणावरील पराभवामागे तहाच्या कलमांनी आधीच केलेले काम विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. व्यक्तींच्या गुणदोषांची चर्चा त्यानंतर करणे अधिक न्यायाचे ठरेल.