गिर्ये गावची गोदी

विजयदुर्गला आलेले लोक किल्ला बघतात, जेट्टीजवळ मासे खातात आणि परत फिरतात. किल्ल्यापासून थोडं आत, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. तिथे फारसं कुणी थांबत नाही.

कातळ फोडून केलेल्या या गोदीला यंत्रं लागत नव्हती. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, ओहोटी लागली की ते कोरड्यावर टेकायचं. मग तळ खरवडा, कुजलेल्या फळ्या बदला. पुढच्या मोठ्या भरतीला गलबत पुन्हा खाडीत. ज्यांना समुद्र कळत होता अशा लोकांचं हे काम.

म्हणूनच १७५६ जास्त टोचतं. कान्होजी १७२९ साली वारल्यावर मुलांत भांडणं झाली. विजयदुर्गावरचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. १७५५ साली नानासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांपैकी एकाने तोफेच्या माऱ्यात पेट घेतला आणि आग सगळीकडे पसरली. आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं.

'पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवलं' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पुण्याहून पाहताना ती जहाजं 'आपली' नव्हतीच. ती एका बंडखोर सरदाराची होती. आणि तुळाजींनाही ती दौलतीची वाटत नव्हती. समोरचा वॉटसन मात्र इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा अधिकारी होता. सेनापती बदलला तरी ते आरमार राजाचंच राहणार होतं. पुढच्याच वर्षी हे दोघे बंगालमध्ये होते, आणि जून १७५७मध्ये प्लासी घडली.

बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. आनंदराव धुळपांनी इथूनच आरमार चालवलं, १७८३ साली इंग्रजांचं 'रेंजर' जहाजही पकडलं. म्हणजे कारागीर होते, खलाशी होते, गोदीही होती. पण इंग्रजांना समुद्रावर रोखण्याची आंग्र्यांच्या वेळची ताकद परत आली नाही. १८१८ साली किल्लाही गेला.

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. गोदीत नुसता चिखल होता. बांधकामाचे दगड मात्र अजून जागेवर आहेत.