लेकरांची पंगत

उरणच्या मोरा बंदरी भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच ओहोटीच्या गाळामुळे खोळंबते, आणि तिच्याबरोबर घरातली पानेही. मुलांना आधी वाढून निजवावे, की वडिलांसाठी थांबवावे? आमचे मत थांबविण्याकडे झुकते. एका पंक्तीस बसणारे मूल धीर धरावयास, बोलावयास आणि शेजारच्या पानाची वाट पाहावयास शिकते.

परंतु आपल्याकडे मूल पंक्तीतच आणखी एक धडा घेत आले : कोणाला शेजारी बसू द्यावयाचे नाही, हा. तो पुसण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे वसतिगृह आम्ही प्रथम गणू. १९२४ साली निघालेल्या या वसतिगृहास १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत व एकत्रच जेवत. व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते रोजच्या भाकरीने साधले.

मात्र ती भाकरी फुकट येत नव्हती. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. तरी त्याच या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही. १९३० साली त्या निवर्तल्या.