दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याकडे थट्टेंत वापरली जाते. कॅनडांतील मूळ रहिवाशांच्या मुलांना मात्र तिचा अनुभव प्राणांवर बेतेपर्यंत आला.

इ. स. १८६७ च्या घटनाकायद्यानें मूळ रहिवासी व त्यांच्यासाठीं राखलेल्या जमिनी यांचा कारभार मध्यवर्ती सरकारकडे गेला, आणि रुग्णालयें व शिक्षण प्रांतांकडे राहिलें. वाटणी कागदावर चोख दिसते. परंतु राखीव प्रदेशांतील मूल आजारी पडलें, तर तें कोणाचें? प्रांत मध्यवर्तीकडे बोट दाखवी, मध्यवर्ती प्रांताकडे. अनास्था याहूनही जुनी. १९०७ सालीं डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यानेंच पश्चिमेकडील निवासी शाळांची पाहणी केली. १,५३७ मुलांपैकीं जवळजवळ चतुर्थांश मृत्यु पावलीं असल्याचें त्यांना आढळलें. अहवाल छापला गेला. सूचना बासनांत राहिल्या.

मॅनिटोबा प्रांतांत, नॉर्वे हाउस येथील क्री जमातीच्या कुटुंबांत १९९९ सालीं जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा जन्मला. जन्मतःच व्याधिग्रस्त असल्यानें त्याला विनिपेगच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. तो दोन वर्षांचा झाल्यावर, आतां त्यास घरगुती वातावरणांत ठेवण्यास हरकत नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेथून वाद सुरू झाला. घरच्या शुश्रूषेचा खर्च कोणी द्यावा? न्हाणीघरांतील फवाऱ्याच्या तोटीपर्यंत घासाघीस चालली म्हणतात! त्यांत आणखी दोन वर्षांहून अधिक काळ गेला. २००५ च्या फेब्रुवारींत, वयाच्या सहाव्या वर्षीं, जॉर्डन रुग्णालयांतच वारला. घराचा उंबरठा त्यानें एकदांही ओलांडला नव्हता.

ता. १२ डिसेंबर १९०७ नव्हे, २००७ रोजीं, म्हणजे ब्राइसच्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, कॅनडाच्या लोकसभेनें त्याच्या नांवाचें तत्त्व एकमतानें मान्य केलें: ज्या सरकारकडे मूल प्रथम येईल त्यानें खर्च करावा, हिशेबाचें भांडण मागाहून. नियम इतका साधा, कीं कोणत्याही एकत्र कुटुंबांतील आजीनें तो सुचविला असता. पण अंमलदारांनीं त्याची व्याख्या इतकी आंखूड केली, कीं तींत बसणारें मूलच त्यांना सापडेना.

त्याच वर्षीं सिंडी ब्लॅकस्टॉक या गिटक्सान जमातीच्या बाईंच्या संस्थेनें मूळ रहिवाशांच्या महासभेसह मानवी हक्कांच्या आयोगाकडे फिर्याद नेली होती. निकालास नऊ वर्षें लागलीं. २०१६ च्या जानेवारींत मानवी हक्कांच्या न्यायासनानें सरकारचें वर्तन भेदभावाचें ठरविलें. २०१७ सालीं तांतडीच्या अर्जाचा निर्णय १२ तासांत व एरवींचा ४८ तासांत द्यावा, असा हुकूम झाला. भरपाईच्या २,३३४ कोटी डॉलरांच्या तडजोडीस २०२३ सालीं न्यायालयाची संमति मिळाली.

त्या वर्षाच्या डिसेंबरांतच, मुदती पाळल्या जात नाहींत, म्हणून बाईंच्या संस्थेस पुन्हां न्यायासनापुढें जावें लागलें. तुंबलेले अर्ज निकालांत काढण्याचा हुकूम २०२४ च्या नोव्हेंबरांत सुटला.