ट्रॅक्टरचे पुढील पाते

ट्रॅक्टरचे पुढील पाते हे शेतीच्या ट्रॅक्टरला समोरच्या बाजूने जोडले जाणारे, माती ढकलण्याचे पोलादी अवजार आहे. बोलीभाषेत त्यास 'डोझर' किंवा 'डोझर पाते' असे म्हणतात. जमिनीचे सपाटीकरण, बांधबंदिस्ती, गाळ पसरवणे, खड्डे बुजवणे आणि शेणखताचे ढीग हलवणे या कामांसाठी त्याचा उपयोग होतो. जुने ट्रॅक्टर मुख्यतः मागून अवजार ओढण्यासाठी घडवलेले असतात. त्यामुळे त्यांना असे पाते बसवताना पात्यावरील धक्का ट्रॅक्टरच्या कोणत्या भागाने सोसावा, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९२३ मध्ये जेम्स कमिंग्ज व अर्ल मॅक्लाउड यांनी ट्रॅक्टरच्या पुढे पाते जोडून माती ढकलणारे यंत्र तयार केले. १९२५ मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले. पुढे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या अवजड यंत्रांवर हे पाते आले आणि 'बुलडोझर' हे नाव रूढ झाले.

भारतात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. या कामाच्या यंत्रसामग्रीसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. शेतकऱ्यांच्या मालकीचे ट्रॅक्टर मात्र देशी उत्पादन सुरू झाल्यानंतर वाढले. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबाद येथे तयार झाला. १९६० च्या दशकात मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल बी-२७५ आणि एस्कॉर्ट्स, तर १९७० च्या दशकात एचएमटी व स्वराज यांची भर पडली. सुमारे ३५ अश्वशक्तीपर्यंतचे, दोनचाकी ओढीचे हे ट्रॅक्टर नांगरणी, मळणी व वाहतूक यांसाठी बनवलेले होते.

भंडारा जिल्ह्यातील उपयोग

भंडारा हा धान उत्पादक जिल्हा असून तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील धानाचे शेत लहान लहान 'बांध्यां'मध्ये विभागलेले असते. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे असलेला, पाणी साठवणारा शेताचा तुकडा. बांधीच्या दोन टोकांमध्ये १० सेंटिमीटरचा उंचसखलपणा असला, तर एका टोकाला रोपे बुडतात आणि दुसऱ्या टोकाला जमीन उघडी पडून तण माजते. त्यामुळे सपाटीकरणाचा संबंध थेट पाण्याच्या वापराशी व उत्पन्नाशी येतो.

दुसरा उपयोग गाळाचा आहे. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यानंतर शासनाकडे आले. आज ते माजी मालगुजारी किंवा 'मामा' तलाव म्हणून ओळखले जातात. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने जलाशयांतील गाळ शेतात नेण्यास चालना दिली. शेतात टाकलेले गाळाचे ढीग समप्रमाणात पसरवण्यास लहान पाते पुरेसे होते. धान कापणीनंतर जमीन वाळल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत ही कामे चालतात. ओल्या कन्हार जमिनीत चाके घसरतात व माती दबते; रेताड सिहार जमीन त्या मानाने लवकर कामायोग्य होते.

रचना

पात्याचा पत्रा वक्राकार असतो, जेणेकरून माती वर चढून पुढे लोळते. त्याच्या खालच्या कडेला झिजल्यावर बदलता येणारी कठीण पोलादाची धार बोल्टने बसवतात. पात्याची रुंदी चाकांच्या बाहेरील अंतरापेक्षा थोडी अधिक ठेवावी लागते. अन्यथा चाके न कापलेल्या मातीवर चढतात. माती एका बाजूस सारण्यासाठी पाते तिरपे केले असता प्रभावी रुंदी घटते. २ मीटरचे पाते ३० अंशांत वळवल्यास ते सुमारे १.७३ मीटर पट्टाच साफ करते.

भार वाहण्याचा मार्ग

जुन्या ट्रॅक्टरपैकी अनेकांना स्वतंत्र सांगाडा नसतो. इंजिन, क्लचची पेटी, गिअरपेटी व मागील आस हे बिडाचे भाग एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा कणा तयार होतो. पुढील आस मध्यावरील एका खिळीवर डोलते आणि तिचा आधार इंजिनच्या पुढील तोंडावर असतो. पाते केवळ याच आधाराला जोडल्यास एका कोपऱ्यावर बसलेला धक्का पिळाच्या रूपाने इंजिनवर येतो. त्यातून बोल्ट तुटतात किंवा बिडाला तडा जातो.

पाते स्थिरपणे ढकलत असताना बळ मर्यादित असते. मागील चाकांवर १,१०० किलो भार व पकड निम्मी धरल्यास ते सुमारे ५५० किलो भाराइतके येते. मात्र २,००० किलोचा ट्रॅक्टर सेकंदाला १.५ मीटर वेगाने जाऊन दगडाला धडकला आणि ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बळ सुमारे साडेचार टन होते. म्हणजे धोका ढकलण्यापेक्षा धडकेत अधिक असतो.

या कारणाने योग्य जोडणीत दोन्ही बाजूंनी लोखंडी भुजा मागील आसाच्या आवरणापर्यंत नेतात, जेणेकरून बळ थेट मागील चाकांकडे जाते. पुढील आडवा तुकडा भुजांना केवळ जागेवर धरतो. अडथळा लागताच पाते मागे कलंडू देणारी स्प्रिंग किंवा मोडून जाणारी खिळी धक्का कमी करते. चौकट मूळ छिद्रांतील बोल्टने बसवली जाते. बिडाच्या भागांवर सरळ वेल्डिंग केल्यास त्यांना तडे जाण्याचा संभव असतो.

उचलण्याची यंत्रणा

फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप मागील पेटीत पीटीओच्या दांड्यावर चालतो. तेथून तेलाची नळी पुढे आणून, वेगळ्या व्हॉल्व्हद्वारे पात्याचा सिलिंडर चालवता येतो. एकेरी क्लचच्या प्रतिमानांत क्लच पूर्ण दाबताच पंपही थांबतो, म्हणून त्या क्षणी पाते उचलता येत नाही. काही जोडण्यांत मागील हायड्रॉलिक भुजांच्या हालचालीने दांडा किंवा तार ओढून पाते उचलतात. अशा वेळी पाते केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते व कठीण जमिनीत नीट रुतत नाही.

समतोल

पाते आसाच्या पुढे लटकत असल्याने पुढील चाकांवर त्याच्या वजनापेक्षा अधिक भार येतो. १.९ मीटर अंतराच्या आसांच्या ट्रॅक्टरवर, पुढील आसापासून ०.७ मीटर पुढे २५० किलोचे पाते असेल, तर पुढील भार सुमारे ३४२ किलोने वाढतो आणि मागील भार ९२ किलोने घटतो. परिणामी हाताने फिरवायचे स्टिअरिंग जड होते, पुढील बेअरिंग लवकर झिजतात व मागील चाके घसरतात. मागील टायरमध्ये पाणी भरणे किंवा चाकांना बिडाची वजने लावणे यांनी मागील पकड परत मिळते. पुढील आसावरील भार हलका करण्यासाठी मात्र मागील आसाच्याही मागे, तीन बिंदू जोडणीवर वजन टांगावे लागते.

मर्यादा व सुरक्षितता

सपाटीकरणात वरचा सुपीक थर खोलवर कापला गेल्यास खालची निकस माती उघडी पडते. म्हणून मोठा उतार असेल तेथे वरची माती आधी बाजूस काढून, खालची जमीन समतल करून ती पुन्हा पसरवतात. बारीक समतलतेसाठी मागील लेव्हलर किंवा लेझर लेव्हलर अधिक उपयुक्त असतो. खोल खोदकामासाठी जेसीबीसारखी यंत्रे वापरली जातात.

जुन्या ट्रॅक्टरना बहुधा उलटण्यापासून वाचवणारी सुरक्षा चौकट नसते. त्यामुळे तलावाच्या पाळीवर किंवा धुऱ्याच्या उतारावर आडवे चालवणे धोक्याचे असते. प्रवासात पाते जमिनीपासून थोडेच उचललेले ठेवतात. दुरुस्तीच्या वेळी ते ठोकळ्यांवर टेकवतात. केवळ हायड्रॉलिकच्या आधारावर तोललेल्या पात्याखाली हात घालणे जीवघेणे ठरू शकते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. गौण खनिजाचे उत्खनन व वाहतूक यांना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू होते. शेताच्या हद्दीच्या खुणा हलवणे वा नष्ट करणे हेही याच संहितेनुसार दंडनीय आहे.

हे सुद्धा पहा

बुलडोझर
मालगुजारी तलाव
भात
भंडारा जिल्हा