चूक न काढणारा श्रोता

मी तिसरीत होतो तेव्हाची गोष्ट. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि शाळा मराठी होती. लिहिताना मला काही अडचण येत नसे. अडायचं ते मोठ्यानं वाचताना. 'ळ' हे अक्षर काही केल्या जिभेवर बसेना. 'बाळ'चं 'बाल' व्हायचं, 'शेळी'ची 'शेली' व्हायची. एके दिवशी धडा नेमका शेळीचाच निघाला. मी उभा राहिलो आणि पहिल्याच ओळीला सगळा वर्ग हसला. गुरुजींनाही हसू आवरलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. पण त्या दिवसापासून वाचनाचा तास आला की माझं पोट दुखू लागे.

घरी कोणापुढे वाचावं? अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं आणि अम्मीला कुठलीच लिपी येत नव्हती. उरली परसातली बकरी. संध्याकाळी तिला पाला घालायचं काम माझ्याकडे असे. एकदा पुस्तक घेऊनच गेलो. ती पाला खात राहिली, मी वाचत राहिलो. मी 'शेली' म्हटलं तरी तिनं मान वर केली नाही. मग मी तोच शब्द पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला. कितव्या संध्याकाळी 'शेली'ची 'शेळी' झाली ते आठवत नाही. पुढे बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो, पण ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. म्हटलं, लोक पुन्हा हसतील.

म्हणून अमेरिकेतली मुलं कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. या उपक्रमाला एक इतिहास आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे.

बोरिस लेव्हिन्सन हे न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ. त्यांच्याकडे 'जिंगल्स' नावाचा कुत्रा होता. आधीच्या उपचारांनी फारसा गुण न आलेला एक मुलगा एके दिवशी आईवडिलांसोबत ठरलेल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे येऊन पोचला. जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. तो धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मुलगा घाबरला नाही, उलट त्याला कुरवाळू लागला. लेव्हिन्सन यांनी त्या वेळी एक शहाणपण केलं. कुत्र्याला त्यांनी बाहेर घालवलं नाही. पुढे १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी हा अनुभव मांडला तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली. तरीही १९६२ साली त्यांनी कुत्र्याला 'सहउपचारक' म्हणणारा लेख प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या सोबतीनं उपचार करण्याच्या आजच्या पद्धतीची सुरुवात अनेकजण इथूनच धरतात.

वाचनाशी या गोष्टीचा धागा जुळला तो १९८३ मध्ये. एरिका फ्रीडमन, आरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १६ वर्षांच्या ३८ मुलांचा रक्तदाब मोजला. एकदा मुलं नुसती बसलेली असताना आणि एकदा मोठ्यानं वाचत असताना. कधी खोलीत कुत्रा असे, कधी नसे. मोठ्यानं वाचताना रक्तदाब वाढत होता. पण कुत्रा खोलीत असला की तो दोन्ही वेळा कमी भरत होता. कुत्रा काही करत नव्हता, नुसता हजर होता. मला यातली पहिलीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चार लोकांत मोठ्यानं वाचणं हे मुलाच्या शरीरालाही ओझं वाटतं. माझं पोटदुखीचं सोंग निव्वळ सोंग नव्हतं तर!

१९९९ च्या नोव्हेंबरात युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी इथं या धाग्याचं वस्त्र झालं. 'इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स' ही संस्था प्रशिक्षित कुत्री घेऊन रुग्णांना भेटायला जात असे. तिथल्या सॅन्डी मार्टिन या परिचारिकेच्या मनात आलं, रुग्णाला जर कुत्र्याजवळ हायसं वाटतं, तर वाचताना अडखळणाऱ्या मुलाला का वाटू नये? शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रयोग सुरू झाला. मार्टिनबाईंची ऑलिव्हिया ही कुत्री पहिल्या श्रोत्यांपैकी एक. पाठोपाठ हा उपक्रम शाळेतही गेला.

त्याची पद्धत साधी आहे. जमिनीवर सतरंजी टाकायची. मूल, कुत्रा आणि कुत्र्याला सांभाळणारी व्यक्ती, तिघं तिथं बसतात. साधारण वीस मिनिटं मूल वाचतं. एखाद्या शब्दाला ते अडलं, तर सांभाळणारी व्यक्ती 'चुकलास' म्हणत नाही. ती म्हणते, 'हा शब्द आमच्या कुत्र्यानं कधी ऐकलेला दिसत नाही. त्याचा अर्थ त्याला सांगशील का?' म्हणजे अडाणी ठरतो तो कुत्रा, आणि मूल होतं त्याचं मास्तर!

यापुढचं पाऊल मला सर्वांत मोठं वाटतं. सॉल्ट लेकची कुत्री शिकवलेली, शांत स्वभावाची. पण ज्यांना घर नाही, मालकानं सोडून दिलंय, माणूस दिसला की जी कोपऱ्यात अंग चोरतात, त्यांचं काय? सेंट लुईस शहरात 'ह्यूमेन सोसायटी ऑफ मिसुरी' ही १८७० पासूनची संस्था अशा प्राण्यांना निवारा देते. २०१५ च्या डिसेंबरात तिनं 'शेल्टर बडीज' हा वाचनाचा उपक्रम सुरू केला. ६ ते १५ वर्षांची मुलं पिंजऱ्याबाहेर बसून वाचतात. मधे जाळी असते, कोणी कोणाला हात लावत नाही. आधी मुलांना कुत्र्याची देहबोली ओळखायला शिकवतात. कान कसे आहेत, शेपूट कुठे आहे, तो घाबरलाय की सावरलाय, हे समजून घ्यायचं. घाबरट कुत्रा हळूहळू जाळीजवळ आला, तर त्याच्या दिशेनं खाऊचा तुकडा टाकायचा.

या उपक्रमाचा पहिला हेतू मुलांचं वाचन सुधारणं हा नव्हताच. कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्याला सहसा कोणी घरी नेत नाही. तो पुढे यायला शिकला तर त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते. तेव्हा इथं मूल उपचार घ्यायला आलेलं नाही, ते मदत करायला आलेलं आहे. वर्गात जो आवाज ऐकून हसू पिकतं, त्याच आवाजाची इथं कोणालातरी गरज असते. कुत्र्यांनाही हे भावत असावं. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात निवाऱ्यातल्या कुत्र्यांना शास्त्रीय संगीत, पॉप गाणी आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकवली. पुस्तक वाचणारा माणसाचा आवाज ऐकताना ती सर्वांत जास्त वेळ विसावली.

आता प्रश्न असा की, यानं वाचन खरंच सुधारतं का? दक्षिण आफ्रिकेत तिसरीतल्या १०२ कच्च्या वाचकांचे गट पाडले. काहींनी कुत्र्याला वाचून दाखवलं, काहींनी मोठ्या माणसाला, काहींनी कापडी अस्वलाला. चौथ्या गटातल्या मुलांनी नेहमीचीच शाळा केली. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. वाचलेलं समजण्यात कुत्र्याचा गट पुढे होता. पण २०१६ मध्ये अशा ४८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतले बहुतेक पुरावे कच्चे ठरले. तेव्हा कुत्रा म्हणजे जादूची कांडी नव्हे. 'ळ' म्हणताना जीभ कुठे वळवायची, हे मला गुरुजींनीच शिकवलं होतं. बकरीनं फक्त सराव करू दिला. शिकवणारा लागतोच. पण शिकवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण मोठी माणसं दुसरं काम करतच नाही.

आपल्याकडे हे उचलताना सावध राहिलं पाहिजे. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे मुलांना पुस्तक घेऊन बसवू नका. कुत्रा चावण्याचा आणि रेबीजचा धोका खरा आहे. जाणकार माणसं, लस टोचलेली कुत्री आणि मधे जाळी असेल तरच तो प्रयोग करावा. पण गरज मात्र आपल्याकडेही मोठी आहे. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन एकेका मुलाला मोठ्यानं वाचायला सांगतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नाही. त्यातली किती मुलं अक्षराला अडली आणि किती ऐकणाऱ्याला भ्याली, हे कोण सांगणार?

शेवटी माझाच एक गुन्हा कबूल करतो. गेल्या महिन्यात माझी नात माझ्यापुढे मराठीचं पुस्तक घेऊन बसली. ती इंग्रजी शाळेत जाते. तीन ओळींत मी तिच्या चार चुका काढल्या. कवी आजोबा ना मी! तिनं मुकाट्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "नाना, पोटात दुखतंय."

दुसऱ्या दिवशी मी मटाराच्या शेंगा सोलायला बसलो आणि तिला म्हटलं, "तू वाच, मी ऐकतो." ती जरा बिचकली, मग वाचू लागली. दोनदा चुकली. माझ्या ओठांपर्यंत शब्द आला होता. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिलो. पान संपलं तेव्हा तिनं विचारलं, "अजून एक वाचू?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)